उस्ताच्या घरातला धूर

(नारीन या थंड, डोंगराळ गावातलं एक घर. दुपार. तुर्गुन आणि त्याची बायको बुरुल.)

बुरुल : ...आणि हे गाठोडं कशाला आणलंत? ही गादी शाळेच्या बॉयलरखोलीतली ना? कोळशाचा वास मारतोय नुसता.

तुर्गुन : किटलीही आणलीय. तिथं आता माझं काही नाही.

बुरुल : म्हणजे?

तुर्गुन : शाळेनं विजेचा बॉयलर बसवला. बटण दाबलं की झालं. ते काय, शिपाईही दाबेल. मुख्याध्यापकांनी निरोपाची मानाची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाले, बावीस वर्षांत पोरं एकदाही गारठली नाहीत.

बुरुल : मग टोपी कुठंय?

तुर्गुन : गाठोड्यात. रस्त्यानं घालून येववेना.

बुरुल : बसा, उस्ता. चहा ओतते.

तुर्गुन : उस्ता म्हणू नकोस आता. शेगडीचा कारागीर राहिलो नाही मी.

बुरुल : मग काय म्हणू? नाव घेऊ तुमचं? सासूबाई कबरीतून उठून येतील.

तुर्गुन : काहीच म्हणू नकोस. चहा दे.

(दोन महिन्यांनी. शनिवार दुपार. बुरुल दवाखान्यातून परतली आहे.)

तुर्गुन : काय म्हणाली नर्स?

बुरुल : काही नाही. विश्रांती घ्या म्हणाली.

तुर्गुन : गाईपाशी धाडकन पडलीस काल पहाटे. बादली सांडली. आणि काही नाही?

बुरुल : दुधाचं काय घेऊन बसलात!

तुर्गुन : दुधाचं नाही गं. तुझं विचारतोय.

बुरुल : अहो, झोप नाही मला. तुम्ही पहाटे चारला उठता, शाळेसारखा शेगडीत कोळसा कोंबता. घराचा हमाम होतो. मी घामानं भिजून पडून राहते. तुम्ही पुन्हा आडवे होता, पण झोपत नाही, ते मला कळतं. मग मीही जागीच.

तुर्गुन : चार वाजले की डोळा उघडतो. हात आपोआप फावड्याकडं जातात. काय करू?

बुरुल : मला सांगायचं होतं.

तुर्गुन : तू तरी कुठं बोलतेस? गल्लीतल्या बायकांच्या जेवणाला तीनदा गेली नाहीस. गुडघा दुखतो म्हणे. कोणता गुडघा?

बुरुल : त्या विचारतात, तुमचे उस्ता सध्या काय करतात. उत्तर काय देऊ?

तुर्गुन : सांग, घरी बसून असतात.

बुरुल : तोंड पाडू नका. मी काही चिडलेली नाही. दमलेय.

तुर्गुन : नर्स आणखी काय म्हणाली? खरं सांग.

बुरुल : म्हणाली, हा कोळशाच्या धुराचा त्रास. धुराड्याची झडप लवकर बंद झाली, निखारे अजून जळत होते. थोडक्यात वाचलात.

तुर्गुन : झडप?

बुरुल : कुणी लावली, विचारलं तिनं.

तुर्गुन : मग?

बुरुल : मी म्हटलं, मी लावली.

तुर्गुन : तू झडपेला हात तरी लावतेस का कधी?

बुरुल : ती हसली. म्हणाली, उस्ताच्या घरात धूर? मग म्हणाली, बायका घाई करतात.

तुर्गुन : झडप मी लावली. निळी ज्योत विझली का, ते बघितलंच नाही. बावीस वर्षांत एकदा चुकलो नाही, आणि स्वतःच्या घरात...

बुरुल : झालं ते झालं.

तुर्गुन : मेली असतीस तू.

बुरुल : तुम्हीही तिथंच आडवे झाला होतात. दोघंही गेलो असतो. गाय तेवढी बोंबलत बसली असती.

तुर्गुन : हसू नकोस.

बुरुल : मग रडू? तेही करून बघितलं, गोठ्यात.

तुर्गुन : कधी?

बुरुल : टोपी आणलीत त्या दिवसापासून. रोज नाही. अधूनमधून.

तुर्गुन : नर्सला जाऊन सांगतो, मी लावली म्हणून.

बुरुल : सगळी गल्ली बोलेल. उस्ताला शेगडी सांभाळता येईना, म्हणतील.

तुर्गुन : बोलू दे. तुझ्या नावावर ते नको.

बुरुल : तिनं तुम्हालाही बोलावलंय. रक्तदाब बघायचाय तुमचा.

तुर्गुन : येतो. आत्ता चल.

बुरुल : आत्ता बंद झाला दवाखाना. उद्या रविवार.

तुर्गुन : मग सोमवारी.

बुरुल : सोमवारी. सांगायचं तेव्हा सांगा. झोप मात्र दोघांचीही व्हायची आहे अजून.