अरादचं आइस फिशिंग

न्याय कुठे राहिलाय, सांगा! थंड देशांत लोक गोठलेल्या तळ्यावर दोस्तांबरोबर ऐसपैस बसून मासे पकडतात, त्याला आइस फिशिंग म्हणतात, हे आमच्या हमीदला मीच सांगितलं. हा रत्नागिरीचा गडी इथे आखातात, मीना सलमान बंदरातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. म्हणाला, "बर्फ मी आणतो, यल्ला, चल!"

ऐन ऑगस्टात आम्ही अरादच्या किनाऱ्यावर बसलो. टपभर बर्फात माझे पाय, हातात गळ. काय सुख! समुद्र मात्र असा तापलेला, की एक हामूर मासा आपणहून उडी मारून टपात आला आणि माझ्या पायांशी टेकून बसला. खोटं वाटत असेल तर हमीदला विचारा.

मी ओरडलो, "माझा मासा!"

"तुझा कसा? गळाला कुठे लागलाय?" हमीद म्हणाला. "तो बर्फाला भुलून आला. बर्फ माझा. आइस फिशिंग म्हणजे हेच ना रे?"

आणि नेला की घरी!

वर दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन. "भाई, हामूर झकास होता, पण कालवणाला मोज्यांचा वास आला. पुढच्या वेळी पाय धुऊन बसा."

म्हणजे मासा यांनी पळवायचा आणि पाय मी धुवायचे!