नत्थुजीले गुण येईना

अवो, उठून कुठी चालले, भाऊ? बसा या बाकड्यावर, आताच अंदर बलावतीन! पयल्या दिवशी सारेच पयाले पाहतात. मनाचा दवाखाना म्हटलं का लोकाइले वाटते, करंट देतात — काई नाई जी, अंदर गोल मांडलेल्या खुर्च्या, चारुशीला मॅडम, अन् आपल्यासारखे सात-आठ बिघडलेले. एकानं दुखणं सांगाचं, बाकीच्यानं आयकाचं. मी नत्थुजी, वलगावचा. सारा ग्रुप माह्यावर खूश! काहून? मांगं म्या सांगतलं — आमची म्हैस चांदूर बाजारच्या एष्टीत चढली, खिडकी धरून बसली, कंडक्टरनं तिचं फुल तिकीट फाडलं अन् पोटातल्या वगारीचं हाफ! सुभद्राबाईचा चष्मा पडला हसून हसून.

फायदा होते का म्हणता? होते ना! तो ललित — हापिसाचा जिना चढला का छातीत धडधड. इथं पयले मॅडमवरच खेकसे, एकडाव दार आपटून गेला, मंग परत आला अन् असा रडला, असा रडला — आता रातभर घोरते. सुभद्राबाई तं अजूनही तोंड वाकडं करूनच येते, पण शेगडी पेटवाले लागली, भडका उडाल्यापासून हात लावत नव्हती. अन् मी? मले लय मजा येते इथं! पण मजा आली म्हंजे गुण आला, असं थोडंच असते, बाप्पा? सगळ्यात जुना मीच उरलो.

मले काय झालं? काईच नाई. बायको गेली. लोक घरी बसाले आले, कडू घासाचं पिठलं-भाकर घेऊन — अन् मी त्याइले म्हशीची गोष्ट सांगून राहिलो! बाया तोंडाले पदर लावून हसून राहिल्या. आरतीनं पायलं — पोरगी माही, अकोल्याची. म्हणे, "बाबा, आईसाठी तुमच्या डोयात थेंब नाई? बरे व्हा, मंगच माह्या दारी या." तवापासून फोन उचलत नाई.

मॅडमनं पयल्याच दिवशी बायकोचं नाव इचारलं. म्या झक्कास उखाणा घेतला! साऱ्याइनं टाळ्या पिटल्या, मॅडमनं नाई. आज म्हणते, उखाण्याबिगर घ्या. त्यात काय! घरात जलमभर "आयकलं का" म्हणूनच हाक मारली, म्हून जीभ जरा... तुमाले घेऊन दाखवतो ना पयले. तिचं नाव — मै — थांबा — मैना...

तुमी हसून नाई राहिले, भाऊ. हसा ना थोडं.

जा. जा तुमी अंदर. दार लोटून घ्या.