भास्कर सरांना आम्ही खाली बसवलं

बंधुभगिनींनो, करमाळ्याहून, माढ्याहून तुम्ही कामं टाकून सरांच्या शोकसभेला आलात. चर्चच्या मंडळीचा पंच म्हणून मला बोलायला उभं केलंय. खरं सांगतो, तोंड वर करून बोलायची लाज वाटतीय.

भास्कर सर आपल्या बायबल वर्गाचे शिक्षक. त्यांना बायबलातले जुने इब्री संदेष्टे लई प्रिय. त्या संदेष्ट्यांचं रडणं प्रिय. सर म्हणायचे, अरे, ही देवाची माणसं, आणि देवाशीच भांडलीत की. एक तर म्हणाला, मी जन्मलो तो दिवसच नको होता. देवानं त्याला हाकललं का? आम्ही माना डोलवायचो.

मग सरांचा तरणा मुलगा गेला. रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. आपली रीत आहे, उभं राहायचं आणि देवाचे उपकार सांगायचे. सर उभे राहिले. म्हणाले, "देवा, तुला हाका मारून मारून थकलो. तू आलाच नाहीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही पंच त्यांच्या घरी. चहा प्यालो आणि सांगितलं, "सर, आता साक्षीला उभं राहू नका. नवीन लोक येतात, साक्ष बिघडते." सर म्हणाले, "नाही राहात की. पण त्या संदेष्ट्यांनी एवढं रडून ठेवलंय, ते कुणासाठी ओ?" आम्ही कप खाली ठेवले आणि उठलो.

त्यानंतरही सर दर रविवारी आले. शेवटच्या बाकावर बसले. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. आम्हाला बरं वाटलं. बंधूंनो, आम्हाला बरं वाटलं.

आणि परवा, सरांच्या दफनाच्या वेळी? सरांच्या बायकोनं, आपल्या काकूंनी, हंबरडा फोडला. "मला कुटं टाकून चाललात ओ," म्हणाल्या. पुढं कोण झालं? मीच. म्हणालो, "काकू, आवरा. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. लोक बघत्यात." काकूंनी पदराचा बोळा तोंडात घातला. आधी नवऱ्याला गप्प केलं, मग त्याच्या मातीला बायकोला. एवढी मोठी आमची श्रद्धा.

आता स्तब्ध उभं राहायची वेळ आहे. उठा, उभे राहूया. पण काकू, तुमी गप राहू नका. रडा. देवाला काय बोलायचं ते मोठ्यानं बोला. आमी सगळे गप हाय.