नथूच्या घराची ओ

माजं माहेर बी ह्येच आनि घर बी ह्येच, रेवदंड्याच्या खाडीनं आत वळलात की उजव्या हाताला जे खारं रान दिसतं त्याच्या काठाचं गाव. नाव हिरा, बापाचं नाव नथू. शेत म्हनाल तर भाताचं, पन समुद्राच्या तोंडातलं, मधी फकस्त एक मातीचा बांध, त्यो हाय तवर भात, त्यो गेला की खारं पानी, मंग दोन-तीन वर्सं त्या मातीत गवत बी धड उगवत न्हाय. लगीन झालं व्हतं माजं, न्हाय असं न्हाय, पन दोन वर्सांत नवरा गेला, परत आले तर आई अंथरुनात, आनि ती गेली तवा माजा भाऊ दामू आठ वर्सांचा. मंग त्याला न्हाऊ घालायचं, शाळेत धाडायचं, मारायचं बी मीच आनि पोटाशी घ्यायचं बी मीच. मला त्यो बाय म्हनतो, आमच्यात थोरल्या बहिनीला बाय म्हनतात.

आता बांधाचं सांगते, त्याबिगर माज्या भावाचं तुमाला कळायचं न्हाय. उधानाच्या भरतीला बांध फुटतो, त्याला आमी खांड पडली म्हनतो. ती पुढच्या भरतीच्या आत बुजवायची, म्हंजी हातात एक ओहोटी, पाच-सहा तास. गावात आरोळी जाते, दर घरातनं एक मानूस आलाच पायजे, आनि गावातला जुना मानूस बाळूकाका बांधावर उभा राहून एकेका घराचं नाव घेतो, त्या घरच्यानं ओ द्यायची आनि चिखलात रांगेला लागायचं, हातोहात चिखलाचे गोळे पुढं द्यायचे. ज्या घराची ओ आली न्हाय त्याला कुनी काय बोलत न्हाय, पन लावनीच्या वक्ताला त्याच्या शेतात कुनी वाकायला बी जात न्हाय. बापाचा पाय अधू झाला तवा नथूचं घर म्हनून ओ मी दिली. बायमानूस ओ देतंय म्हनून दोघं-चौघं हसले, मी म्हनले हसा, पन गोळा पकडा. तवापासनं आमच्या घराची ओ माजीच.

दामू शिकला, काय सांगू तुमाला, असा शिकला की अलिबागचं कॉलेज त्याला पुरलं न्हाय. मुंबैत रंगाच्या मोठ्या कंपनीत लागला आनि चढत चढत पार वरचा साहेब झाला, चार राज्यांचा कारभार त्याच्या हाताखाली. गनपतीला यायचा, दीड दिवस र्‍हायचा, त्यातला अर्धा दिवस फोनवर. मी जवळ्याची चटनी करून ठेवायची, त्यो म्हनायचा बाय, डब्यात घाल, गाडीत खातो. गाडीत खातो म्हनं. गाडीत कुनी खातं का जवळा, बाकीची मानसं नाक धरतील.

एका गनपतीत त्यो घरी असतानाच खांड पडली. आरोळी आली, मी म्हनले दामू चल, आज तू हायस, ओ तू दे. त्यो म्हनला हो आलोच बाय, दोन मिनिटं, मीटिंग चालू हाय. दोन मिनिटांचा घंटा झाला. बाळूकाकानं नथूचं घर म्हटलं, मी मागं वळून बघितलं, कुनी न्हाय, मंग दिली मी ओ. त्यो आला तवा आमी कंबरेएवढ्या चिखलात, आनि ह्यो वर बांधावर बुटांत उभा, कानाला फोन. मी फुडचा गोळा पकडला. संध्याकाळी जेवताना घास हातात तसाच धरून म्हनतो, बाय, मी तिथं कोनत्या दुकानात किती डबे खपले ते विचारत बसतो आनि तू ह्या वयात चिखलात, माजी लाज वाटते मला. पुढच्या खेपेला ओ मी देईन, शब्द हाय माजा. मी म्हनले अरे तुजी कंबर लचकंल.

आनि खरंच, वरीसभरात नोकरी सोडून आला. म्हनला निवडनूक लढवतो, हा बांध दगडी करून घेतो. गावोगाव हिंडला, पन कंपनीची सवय, गार्‍हानं सांगनार्‍याला विचारायचा, हे कधीपर्यंत पायजे? म्हातार्‍या म्हनायच्या, बाबा, आमी जित्या हाव तवर दे. पहिल्या खेपेला पडला. गाव हळहळलं, मी बी तोंड पाडून बसले, पन खरं सांगू? मनातनं मला गोड वाटलं. पाच वर्सं माजा भाऊ घरी र्‍हायला. सकाळी बांधावर चक्कर मारायचा, आल्यावर चुलीपाशी पाटावर बसून भाकरी, जवळा, कच्चा कांदा, त्याची बायको मुंबैची, ती बी अधनंमधनं येऊन र्‍हायची. आनि बघा, मेला बांध त्या पाच वर्सांत एकदा बी फुटला न्हाय! हसाल तुमी, पन मी देवापुढं म्हनले व्हते, देवा, एक लहानशी खांड पडू दे, दोन हाताएवढी, माज्या दामूला एकदा ओ देऊ दे. गावाचं वाईट चिंतलं मी. कुनाला सांगितलं न्हाय आजवर.

दुसर्‍या खेपेला निवडून आला. आमदार झाला. मला वाटलं आता तर हितलाच झाला, तर त्यो हितला झाला म्हंजी सगळ्यांचाच झाला. दारात गाड्या, वटीवर मानसं, माज्या चुलीपर्यंत यायला त्याला वाटच घावंना. त्याच पावसात खांड पडली, त्यो अधिवेशनात. ओ मी दिली. दुसर्‍या दिशी आला, बुजवलेल्या खांडीवर मानसं अजून चिखल थापत व्हती, पँट वर करून उतरायला लागला तर मानसं हात जोडून म्हनतात, साहेब तुमी नको, आनि कुनीतरी खुर्ची आनली. माज्याकडं बघितलं त्यानं. त्याचं त्वांड असं झालं व्हतं, शाळेत पहिल्या दिशी सोडून आले तवा झालं व्हतं तसं.

पन शब्दाचा पक्का. मुंबैत हेलपाटे घालून बांध मंजूर करून आनला, दगडी, वरनं गाडी जाईल एवढा रुंद. ह्या उन्हाळ्यात पुरा झाला. नारळ फोडायला आला, लांब भाषन न्हाय केलं, म्हनला हा बांध माज्या बायचा हाय. मानसांनी टाळ्या वाजवल्या, मी पदर त्वांडाला लावला. म्हसळ्याला त्याची सभा व्हती, घाई घाईनं माज्या पाया पडला आनि गाडीत बसला. मागनं कुनीतरी बाळूकाकाच्या हातात माईक दिला, म्हनले काका, आता परत कधी करायला लागनार न्हाय, एकदा शेवटचं घरांची नावं घ्या. काका थकलाय, पन आवाज त्योच. एकेक घर ओ देत गेलं, पोरं, सुना, सगळी हसत हसत. मी गाडीकडं बघत व्हते, नव्या बांधावरनं सरळ चालली व्हती, काचा बंद.

काका म्हनला, नथूचं घर.

थांबले मी. काकानं दुसर्‍यांदा म्हटलं. गाडी वळनावर गेली.

मंग दिली मीच. गावाचं भात वाचलं, चांगलं झालं, दामूला माजं आयुष्य लागू दे, सुखी र्‍हाऊ दे. पन आता खांड पडायची न्हाय.