मेंढरं विकली न्हाईत

हॅलो? … हां, बोल गं आये. पण जरा उरकून बोल, अकराला माझा कामाचा फोन यायचाय. … पुण्याच्या त्या बियाणाच्या कंपनीचा. … व्हय, तीच. वरीसभर लिहायचं काम देणार हाईत त्या मॅडम, आज पक्कं सांगणार. … जेवण कसलं गं आत्ताच? चहा झालाय माझा. … अगं, तू फोन का केलास ते सांग की आधी!

… कोण आलंय? … पाव्हणं? आज? ते तर पुढल्या बेस्तरवारी येणार व्हते न्हवं? … तानाजी बी आलाय? नवरीचा भाऊ? … मग चांगलंच हाय की. तुझ्या ल्योकाची, मल्हारची सुपारी आजच फुटंल. … फुटत न्हाई? का? … आये, रडू नगंस. तू रडायला लागलीस की मला एक अक्षर कळत न्हाई. नाक पूस आन नीट सांग.

… कसली मेंढरं? … आपली? … विकली? कुणी विकली? … अगं पण असं म्हणतंय कोण?

… मी?

… हां. हां, ते. … थांब, ऐक ना. फेसबुक न्हाई गं ते, लिंक्डइन म्हणत्यात त्येला. नोकरीधंद्याची माणसं असत्यात तिथं, कोट-टायवाली. मी दर आठवड्याला तिथं कायतरी लिहिते. म्हंजे कंपन्यांना कळतं, ही बाई लिहिती, हिला काम द्यावं. मी कुठं एका हापिसात बसते का? माझं सुटं काम. पाटी लावल्याबिगर गिऱ्हाईक कसं येणार? … तानाजी हाय तिथं? … व्हय की, इंजिनेर न्हाई का तो. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

… वाचून दाखवलं? समद्यांच्या म्होरं? … "माझ्या शिक्षणासाठी माझ्या वडिलांनी अख्खा कळप विकला." … व्हय आये, मीच लिहिलंय. … नावासकट. … फोटोसकट, व्हय.

… अगं, खोटं म्हंजे… तिथं तसंच लिहावं लागतं. माणूस बोटानं पडदा सरकवत असतो, पयल्या ओळीला थांबला तर थांबला, न्हाईतर गेला. आन खाली धडे द्यावं लागत्यात. … शाळेतलं न्हाई गं. "या प्रसंगातून मी नेतृत्वाचे पाच धडे शिकले." … पाच. … सात बी चालत्यात. … मेंढरं विकून नेतृत्व कसं येतं, ते मला इचारू नगंस आता!

… चाळीस हजार माणसांनी वाचलंय ते, आये. चाळीस हजार! अनोळखी माणसांनी हात जोडलेत आबांना. त्या मॅडमनी बी तेच वाचून मला फोन केला, म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आलं. … तुझ्या बी आलं, कळलं मला. येगळ्या कारणानं आलं, ते बी कळलं.

… बरं, मग दाखव की त्यांना मेंढरं. हात धरून ने वाडग्यात आन म्हणावं, मोजा… … व्हय की. आबांसंगं गेलीत. … वाडगं मोकळं बघितलं त्यांनी? … आन काय म्हणाले? … "पोरीनं लिहिलंय तेच खरं." … अगं पण ती बी धनगराचीच माणसं न्हवं? दिवाळी सरली की आटपाडीची मेंढरं चरायला मावळतीला निघत्यात, हे काय त्यांना माझ्याकडनं शिकायचंय? … त्यांनी आपली मेंढरं चार सालापासनं घरीच बांधून घातलीत? पेंड घालत्यात? … मग झालं. कपाळ माझं.

मल्हारला दे. … दे गं, तू च्या कर पाव्हण्यांना. दुसऱ्यांदा कर!

… मल्हार? आबांना व्हिडिओ लाव आन मेंढरं दाखव पाव्हण्यांना. … आधीच लावला? मग? … म्हणत्यात, कुणाची बी असतील? अरं, कानाची खूण दाखव की! नवरीचा आजा तर ती खूण बघूनच वळखंल… … पटली? आज्याला पटली? मग संपलं की रं! उगा माझा जीव घेतलासा दोघांनी मिळून.

… अजून काय?

… तानाजी काय म्हणतोय? … जिथं लिहिलं, तिथंच लिही? … काय लिहू? "मी खोटं लिहिलं"? … मल्ल्या, ठिकाणावर हाईस का? दहा मिनिटांत त्या मॅडमचा फोन येणार. ज्या गोष्टीवर त्यांनी मला निवडली तीच खोटी, असं मीच चावडीवर उभं राहून सांगू? लिहिणाऱ्या बाईजवळ असतंय काय दुसरं? ना दुकान, ना हापिस. शबूद तेवढा असतो. … हां, तोच खोटा निघाला, ते कळलं. टोमणा कळला. लगीन ठरायच्या आधीच तोंड फुटलं तुला.

… काढून टाकते, चालंल? आत्ता काढते. … का न्हाई चालणार? … त्यांच्या गावात समद्यांच्या मोबाइलवर गेलंय? … "जावयाचं घर मोकळं" म्हणत्यात? … आन काढलं तर म्हणतील, लपवलं. … व्हय. म्हणतील.

… असं नगंस बोलू रं. तुझं लगीन मोडावं असं मला वाटतंय व्हय? … मी न्हाई विसरले कुणाच्या जिवावर शिकले ते. … मल्हार. … मल्हार, ऐक तरी…

… कोण बोलणार हाईत? आबा? … माझ्याशी? … जोड.

… आबा? … आवं आबा, मी सोनम. … वारा लय हाय वो तिकडं. कुठं हाय तळ? … फलटणच्या अलीकडं? … तोडल्या उसाच्या खोडव्यात बसवलीत, लेंडीखतासाठी. हां. … जेवलासा? … आबा, चुकलं माझं. … मी तुमची मेंढरं विकली. … हसताय काय? रागवा की! … तुमाला बी वाचून दाखवलं तानाजीनं? … "चांगलं लिहिलंय" काय, आबा! असं नगा करू. दोन शिव्या घाला, म्हंजे मला बरं वाटंल.

… काय म्हणालासा? … दुसरं लिहायचं व्हतं? काय? … कवाचं? … साताऱ्याचं?

… हां.

… व्हय, तवा तळ व्हता तुमचा, तिथल्या माझ्या हॉस्टेलच्या मागल्या रानात. … पौषाची थंडी व्हती, व्हय. … मला ठावं हाय, आबा. तुमी फाटकापाशी आलासा. नवं घोंगडं घेऊन. … पर मी तवा… वॉचमननं सांगितलं न्हवं तुमाला, सोनम क्लासला गेलीया म्हणून.

… खिडकीत?

… तुमी बघितलं व्हतं?

… मग हाक का न्हाई मारली? … पटका मळका व्हता म्हणून? … आबा, मळका नव्हता वो. पांढराशिप्पट व्हता. मी वरनं बघत व्हते की. तुमच्या मागं मेंढरं कशी, कापूस पिंजून टाकल्यागत रस्ताभर. पोरी म्हणत व्हत्या, अगं बघा बघा, कुणाचा बाप आला. हसत व्हत्या. … आन मी बी हसले. त्यांच्यातच हसले, आबा. ते तुमाला दिसलं नसंल.

… दिसलं व्हतं.

… इतकी सालं झाली. आयेला बी बोलला न्हाईसा? … "त्यात काय बोलायचं." … न्हाई, रडत न्हाई मी. … सर्दी हाय. … आबा, म्हणून तर ती विकली मी. कळतंय का तुमाला? विकली असं लिहिलं की तुमी मोठं व्हताय, मी लेक व्हते, समदे हात जोडत्यात. आन त्या फाटकाचं काय लिवायला लागत न्हाई.

… थांबा, दुसरा फोन येतोय. … व्हय, त्याच. … न्हाई, ठेवू नगा तुमी. … आवं, वाजू दे म्हणते न्हवं! वाजू दे.

मल्हार, हाईस का रं? … तू बी रडतोयस व्हय? पाव्हण्यांच्या म्होरं? … परसात हाईस, बरं. तानाजीला म्हणावं, मोबाइल उघडून बस. लिहितेय मी. … जुनं खोडत न्हाई. हाय त्याच्या वरतीच लिहिते, म्हंजे दोन्ही दिसंल. … धडा? न्हाई. एक बी न्हाई.

… तो बी बंद झाला वाजायचा. बरं झालं.

आबा, वाचू? तुमी म्हणालासा तर टाकते, न्हाईतर न्हाई. … हां. मेंढरांना जरा गप करा. … ऐका.

"माझ्या वडिलांनी मेंढरं विकली नाहीत. मी खोटं लिहिलं. ती मेंढरं घेऊन ते थंडीत माझ्या हॉस्टेलच्या फाटकापाशी आले, वॉचमनजवळ माझ्यासाठी नवं घोंगडं दिलं आणि तासभर उभे राहिले. मी खिडकीत होते. मी खाली उतरले नाही."

… आबा? … हॅलो? … आबा, कुठपर्यंत ऐकू आलं?