नकाशावरचं आमचं घर

मी इंटरनेटवर कला करते म्हटलं की आमच्या अर्जुनी गावाकडे लोक विचारतात, "म्हणजे दुकान का?" त्यामुळे मी सहसा सांगतच नाही. पण मी मोबाइलसाठी केलेला गावाचा नकाशा लपला नाही.

नकाशातल्या घरावर बोट ठेवलं की त्या घरची बाई आपल्याच आवाजात माहेरचं नाव सांगते. म्हणजे लग्नात ताटातल्या तांदळांवर सासरचं नाव लिहिण्याआधीचं. भाताच्या रोवणीच्या वेळी बांधावर बसून मी सगळ्यांचे आवाज घेतले होते. लिंक फक्त त्या बायांनाच पाठवली होती, पण एकीनं हौसेनं गावाच्या ग्रुपवर टाकली.

ग्रुपवर कोणी चकार शब्द काढेना. शिव्या आल्या असत्या तरी परवडल्या असत्या. मी सारखी मोबाइल उघडत होते, बंद करत होते. तेवढ्यात बाबा स्वतःचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यातून आईचाच आवाज माहेरचं नाव सांगून थांबला.

"हे काऊन केलं बाई? सारं गाव आयकून राहिलं. मिटव पयले."

आई भाकरी थापत होती, मान वर न करताच म्हणाली,

"मिटवन पोरगी. पण तुमी तर आत्ताच आयकलं ना. सांगा बरं, का नाव होतं माह्यं?"

बाबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खाली बघत राहिले.

मग त्यांनी गुपचूप आमच्या घरावर पुन्हा बोट ठेवलं.