पाच ओळींचा हट्ट

मी साहेबांशी भांडते म्हणता ना, तर कशावरून भांडले ते ऐका. आमच्या पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टच्या बसचं काम आता एआय बघतो. त्याला एकेका कामासाठी टूल, म्हणजे बटणासारखी सोय, दिलेली आहे; कुठलं टूल काय करतं, ते त्याला वाचायला मी लिहून द्यायचं. साहेब म्हणाले, एका ओळीत लिहा. मी लिहिलं, 'बस रद्द करणे.'

धारहून येणाऱ्या एका कामगारानं त्याला कळवलं, "आज मी येत नाही, माझी बस रद्द करा." एआयनं धारची अख्खी बस रद्द केली. सगळी शिफ्ट नाक्यावर उभी.

मग मी पाच ओळी लिहिल्या. हे टूल पूर्ण बस रद्द करतं, एकाची सीट नाही, सीटसाठी दुसरं टूल आहे, आधी सुपरवायझरला विचारा, असं सगळं.

साहेब म्हणाले, "ताई, ये तो निबंध हो गया. मशीन हुशार आहे, समजून घेईल."

मी म्हटलं, "नवा ड्रायव्हरपण हुशार असतो भिया, तरी त्याला स्टॉप सांगावेच लागतात. ओळी काढायच्या तर काढा. त्या जागी तुमचा मोबाईल नंबर लिहिते, अडलं की तो तुम्हालाच विचारेल."

पाचही ओळी अजून तिथंच आहेत. परवा साहेबांनी स्वतः सहावी लिहून पाठवली. मोघम होती. मी परत केली.